डावीकडे बेडूक

९ जून, मंगळवार. फेस्टस माएलासीच्या एका वाक्याची किंमत त्या दिवशी तीनशे डॉलर ठरली. वर शंखमण्यांची एक माळ; इकडे तीही पैशासारखीच चालते.

वाक्य तो रेडिओवर बोलला होता. आपल्या बेटांच्या राजधानीत, होनियारात, फुटबॉलच्या मैदानासमोर फेस्टसचा ठेला. सुपारी, पान, चुना. इतकी वर्षं मैदानाच्या दारात बसून त्याची नजर अशी तयार झाली होती, की लोक सुपारी घेता घेता सामन्याचा निकालही विचारून जात. फिजीतली स्पर्धा सुरू होण्याआधी रेडिओवाल्याने त्याच्यापुढे माइक धरला. "न्यूझीलंड, फिजी, वानुआतु आणि आपण. गटात आपलं काय होणार, काका?"

"चौथे," फेस्टस म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण लोक हसले आणि त्याला चेव आला. "आपला गोलकीपर उजवीकडे मगर आहे, डावीकडे बेडूक."

गोलकीपर केनरिक म्हणजे फेस्टसच्या बायकोचा, डोरीनचा, सख्खा भाचा.

पहिले दोन्ही सामने आपण हरलो. सहा गोल झाले, त्यातले चार डावीकडून. मंगळवारी केनरिकचा बाप, डोरीनचा भाऊ बेसिल, ठेल्यावर येऊन उभा राहिला.

"दाजी, फिजीत रेडिओ ऐकू जात नाही असं वाटलं काय तुम्हाला?"

"अरे, त्यांना डोळे आहेत की! मी कशाला सांगायला हवं?"

"डोळे सगळ्यांनाच असतात. तोंड तुम्ही उघडलंत. माझ्या पोराला सगळ्या देशासमोर बेडूक म्हणालात. भरपाई टाका. तोवर डोरीननं माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही."

डोरीनची आई बेसिलकडे अंथरुणाला खिळली होती. रोज संध्याकाळी डोरीन नारळाच्या दुधात शिजवलेला तारो, म्हणजे अळकुडीसारखा कंद, घेऊन जाई. म्हातारी संध्याकाळचा घास दुसऱ्या कुणाच्या हातून घेत नसे.

"नाहीतर असं करा," बेसिल जरा नरमला. "रेडिओवर जा नि सांगा, शनिवारी वानुआतुला लोळवतो म्हणून. पोराला धीर येईल."

"ते नाही जमणार. मला तसं दिसत नाही."

"वा! तुमचा शब्द तेवढा खरा राहू दे," मागून डोरीन म्हणाली. "माझी आई उपाशी राहिली तरी चालेल!"

फेस्टसने घरातून माळ आणून दिली. गल्ल्यात दोनशे साठ डॉलर निघाले.

"चाळीस राहिले," बेसिल म्हणाला. "आणि शनिवारी डावीकडून आणखी एक गेला, तर भरपाईत डुक्कर वेगळं. दाराचं त्यानंतर बघू."

शनिवारी ठेल्यावरच्या रेडिओभोवती ही गर्दी. डोरीन मांडीवर झाकलेलं भांडं घेऊन बसली होती. बेसिल समोरच्या झाडाखाली, पाठ करून. निवेदकाने "डावीकडून" म्हटलं की फेस्टस चुन्याची डबी उघडून पुन्हा मिटे. आपलं भाकीत खोटं ठरावं म्हणून तो जन्मात पहिल्यांदा देवाचा धावा करत होता. पान तोंडात तसंच राहिलं होतं.

सामना संपत आला आणि वानुआतुचा गोल झाला. निवेदक ओरडत सुटला, पण कुठून झाला ते सांगेना.

"कुठून? अरे बाबा, कुठून?" फेस्टसने रेडिओ उचलून कानाला लावला.

"...आठवडाभर डाव्या बाजूचाच सराव केलेला केनरिक डावीकडे झेपावला, आणि चेंडू उजव्या कोपऱ्यात!"

सामना तसाच संपला. गटात आपण चौथे.

बेसिल उठून ठेल्यापाशी आला. बराच वेळ सुपाऱ्या खालीवर करत राहिला.

"मगरीच्या बाजूनं गेला," तो म्हणाला.

"हो."

"मगरीला तुम्ही काही बोलला नव्हतात."

"नव्हतो."

बेसिलने एक सुपारी गालात धरली. डोरीनकडे न बघता म्हणाला, "चल. आई दुपारपासून दाराकडे बघतेय."

डोरीन भांडं घेऊन उठली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "पुन्हा माइक दिसला तर तोंडात सुपारी कोंबा."

बेसिलचे चाळीस डॉलर फेस्टसकडे अजून बाकी आहेत.