या गाडीत काही नाही

अवकाशात जाऊन आलेल्या माणसाला मी जीपमधून नेलं-आणलं असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. घरच्या पोरांनी तर ही गोष्ट केव्हाच मोडीत काढली आहे. "असा माणूस तुमच्या जिनिंगला कशाला येईल?" कशाला म्हणजे काय, मित्राच्या सासुरवाडीला आला होता.

आमचे शेठ गुजर. तापीकाठी केळी, ऊस, कापूस, आणि कळसाडीच्या बाजूला कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग. त्यांची थोरली मुलगी हवाई दलातल्या वैमानिकाला दिलेली. नवं विमान कारखान्यातून बाहेर पडलं की आधी ज्याला त्यात बसवून वर पाठवतात आणि बाकीचे खाली माना वर करून उभे राहतात, तसला हा वैमानिक. त्याचे फोटो वर्तमानपत्रात यायचे, आणि ते शेठ गादीच्या मागे भिंतीला चिकटवायचे. परदेशात जाऊन तिथली विमानं शिकताना त्याची तिथल्या एका वैमानिकाशी दोस्ती झाली. तोही विमानांची परीक्षा घेणाराच. पुढे त्याच्या देशानं त्याला पृथ्वीभोवती फिरवून आणलं. तो आपल्याकडे आला, मोठमोठ्या शहरांत त्याचे सत्कार झाले, आणि एक दिवस मोकळा होता तो जावईबापूंनी सासुरवाडीसाठी मागून घेतला. साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती, चंद्रावर मात्र अजून कोणी उतरलं नव्हतं.

मी तिथला नव्हे. चौथीतून शाळा सोडून मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, पुढे ड्रायव्हर झालो. कोकणातून कौलं भरून खानदेशात आलो आणि इथं येऊन ट्रकचा क्रँक मोडला. मामा कौलं विकून, ट्रक भंगारात घालून परत गेला, मी राहिलो. कोकणातला म्हटलं की लोक मला नवापूरकडचा कोकणा आदिवासी समजायचे आणि त्यांची बोली माझ्याशी बोलायला लागायचे. ना ती मला यायची, ना बाजारातली अहिराणी. पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकाच होतो. शेठच्या ट्रकवरचा जुना ड्रायव्हर, ज्याला सगळे दादा म्हणायचे, त्यानं मला घरी नेलं. "जेवाले चाल," एवढंच म्हणाला होता. त्यानंतर वहिनींच्या हातची ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी मला कधी मागावी लागली नाही. त्या घराचं मी काय देणं लागतो हे मला कळत होतं, म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी धडगावहून रिकामा ट्रक घेऊन सातपुडा उतरत होतो. एका वळणावर ब्रेकचं पायडल मऊ लागलं आणि फळीपर्यंत खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं तर ब्रेक लागला. पुढे तीन-चार उतारांवर नीट लागला, मग आणखी एकदा तसंच झालं. गाडी जिनिंगमध्ये आणून लावली आणि गप्प बसलो.

गप्प का बसलो ते सांगतो. जिनिंगच्या शेडमध्ये खिळ्याला एक वही टांगलेली असे, तिला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. गाडीत काही वाटलं तर ड्रायव्हरनं त्यात लिहायचं. गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा नियमच होता, "तोंडी सांगितलेलं मला ऐकू येत नाही. वहीत असेल ते होईल." नियम चांगला होता. पण वर्षापूर्वी मी एकदा लिहिलं, तेव्हा त्यांनी वही हातात धरून चार माणसांत विचारलं होतं, "हे कोंबडीनं लिहिलं की कोणी माणसानं?" सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मी त्या पेन्सिलीला हात लावला नाही. लहानसहान बिघाड स्वतःच काढायचो, मोठा आलाच तर दादाकडून लिहवून घ्यायचो. आणि त्या वेळी मी अजून कायम नव्हतो, बदलीवरच होतो. ज्याच्या हातात गाडी सारखी बिघडते त्याचा पाय जड, असं शेठ म्हणायचे. मनाला म्हटलं, दोनदा तर झालं. तेल कमी असेल. उद्या बघू.

तो ट्रक पाहुणे आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याची पोती भरून पुन्हा धडगावला जायचा होता, आणि दादा तो नेणार होता. मला पाहुण्यांसाठी जीपवर घातलेलं.

सकाळी नंदुरबार स्टेशनवर दोघं उतरले. जावईबापू उंच, कपाळावर जुन्या जखमेची खूण. पाहुणे बुटके, रुंद खांद्याचे, शेतात राबणाऱ्या माणसासारखे हात. मला उगीच वाटत होतं की वर जाऊन आलेल्या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं असेल. त्यांच्या डोळ्यांत कोळशाचा कण गेला होता आणि ते रुमालानं चोळत होते. तरी मनात येत राहिलं. या माणसाच्या पायाखालून सगळी पृथ्वी गेली आहे, आणि आता हा माझ्या जीपमध्ये पाय ठेवणार.

पण जावईबापू लगेच बसलेच नाहीत. सामान ठेवलं आणि जीपला डावीकडून वळसा घालायला लागले. टायर तळव्यानं दाबून पाहिलं. वाकून खाली बघितलं. मागचं जादा चाक हलवून पाहिलं. मग माझ्या बाजूला येऊन, आत हात घालून ब्रेकचं पायडल हातानं दाबलं.

 यांना कोणीतरी सांगितलं, असंच वाटलं. कोण सांगणार, मी तर कोणाला बोललो नव्हतो. पण भ्यालेल्या माणसाला असा हिशेब सुचत नाही. मी म्हणालो,

"साहेब, या गाडीत काही नाही."

ते सरळ उभे राहिले. "या गाडीत?"

मी खाली बघितलं.

"मग कुठल्या गाडीत आहे, भाऊ?"

 त्यांनी थोडी वाट बघितली आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसले.

रस्त्यात एक गंमत लक्षात आली. समोरून बैलगाडी आली की त्यांचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर घट्ट दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. मागे बसलेल्या पाहुण्यांनी ते बघितलं आणि काहीतरी म्हणून हसले.

"हे म्हणतात," जावईबापू म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात चाक असलं की मी म्हातारीसारखा बसतो. खरं आहे. याला पृथ्वीभोवती नेलं, हा मात्र आरामात बसून होता."

प्रकाशा गावाच्या अलीकडे पाहुण्यांनी जीप थांबवायला सांगितली. रस्त्याकडेच्या वावरात शिरले, उशिराच्या वेचणीचं एक फुटलेलं बोंड तोडलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. कापूस वेचणाऱ्या बाया ओढण्या तोंडाला लावून बघत राहिल्या.

व्याख्यान दुपारी उतरत्या उन्हात, जिनिंगच्या आवारात. व्यासपीठ म्हणून कापसाच्या दाबलेल्या गठाणी एकमेकींना लावून त्यावर जाजम घातलं होतं. कळसाडी, शहादा, आजूबाजूची गावं, सगळी लोटली होती. बैलगाड्यांना जागा पुरेना. दादा मला गर्दीत भेटला. "जवाईले सांभाळीसन लई उना ना?" म्हणाला, म्हणजे नीट घेऊन आलास ना, आणि माझ्या पाठीत गुद्दा मारला. मला त्याच्याकडे बघवेना.

आधी पाहुणे बोलले. ते चार वाक्यं बोलायचे, जावईबापू ती मराठीत सांगायचे. एका दिवसात त्यांनी कितीतरी वेळा सूर्य उगवताना बघितला. वर गेल्यावर हातातली वस्तू सोडली तर ती पडत नाही, आपली वाट बघत तिथंच राहते. मग त्यांनी खिशातून ते बोंड काढून वर धरलं. "तुमचे ढग वरून असे दिसतात."  जन्मभर कापूस वेचलेली, पेरलेली, दाबलेली ती माणसं, आणि एक परका माणूस त्यांना कापूस दाखवतोय. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं उपरण्याला चिकटलेलं कापसाचं पुंजकं काढलं आणि तळहातावर ठेवून बघत बसला.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एक शेतकरी उठला. "पाव्हणा, वरथून उतरनात ते कोना वावरमा उतरनात? पीक उभं व्हतं का?"

लोक हसले, पण पाहुण्यांना प्रश्न समजावून सांगितल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "नांगरलेलं शेत होतं. मालक धावत आला. आधी मला पाणी दिलं. मग म्हणाला, आता सरीतून चालत ये, वरंबे मोडू नको."

"बरोबर शे," शेतकरी म्हणाला आणि खाली बसला.

शेवटी जावईबापू उठले. शेठ खुर्चीत सरसावून बसले. आता जावयाचा पराक्रम ऐकायला मिळणार असं सगळ्यांनाच वाटलं. ते म्हणाले, "माझं काम वर जायचं आहे असं लोक समजतात. वर विमान नेतं. माझं काम खाली आल्यावर सुरू होतं. जे जाणवलं ते कागदावर लिहायचं."

मग त्यांनी सांगितलं. एकदा एका नव्या विमानाची दांडी त्यांच्या हातात जराशी थरथरली. दोन श्वासांपुरती, मग थांबली. खाली सगळे आनंदात होते, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं ते विमान बघायला येणार होती. लिहिलं तर सगळं थांबणार. त्यांना वाटलं, आपलाच हात थरथरला असेल. लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते विमान त्यांच्या मित्रानं नेलं.

"तो वाचला," जावईबापू म्हणाले. "एक पाय गेला. मी त्याला सगळं सांगितलं, साहेबांना सांगितलं, शिक्षा घेतली. मित्र आजही भेटला की मला चहा पाजतो. त्या दिवसापासून मी बैलगाडीतसुद्धा भोवती फिरल्याशिवाय बसत नाही. माझा कोणावर अविश्वास आहे म्हणून नाही. माझाच माझ्यावर विश्वास नाही."

 शेठ जावयाकडे बघत राहिले होते. एवढा मोठा माणूस, स्वतःच्या सासुरवाडीत, गठाणींवर उभा राहून हे सांगतो, हे मला पेलत नव्हतं. पृथ्वीभोवती फिरून येण्याइतकंच ते मला अवघड वाटलं.

नंतर पाहुण्यांच्या हाताला हात लावायला रांग लागली. मीही उभा राहिलो. माझ्यापुढे दहा-बारा माणसं होती आणि त्यांत दादा होता, टोपी काढून केस नीट करत. त्याच्या मानेकडे बघत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग रांग सोडली.

शेडमध्ये कोणी नव्हतं. वही खिळ्यावर होती. पेन्सिलीचं टोक मोडलेलं, ते दातांनी नीट केलं. लिहायला मला फार वेळ लागला. "ट्रक. ब्रेक पायडल खाली जातो. दोनदा मारला तर लागतो. काल उतारावर दोनदा झाले. काल लिहिले नाही." खाली माझं नाव. अक्षर कोंबडीचंच होतं.

आणि वही घेऊन गर्दीत गेलो, मिस्त्रींच्या हातात दिली. त्यांनी वाचली. एकदा, आणि पुन्हा. अक्षराबद्दल काही बोलले नाहीत. दादाला हाक मारली आणि सरळ शेडकडे चालू लागले.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा रबरी वायसर फाटत आला होता. मिस्त्रींनी तो काढून बोटांवर ताणला, तर दोन तुकडे झाले. ते तुकडे त्यांनी दादाच्या हातावर ठेवले.

दादानं ते एकमेकांना लावून बघितले. मग माझ्याकडे वळला. "काल गाडी तूच लई उना ना?"

"हो."

"मंग काल काय तोंड शिवेल व्हतं?"

 तो निघून गेला. त्या संध्याकाळी भाकरी आली, पण रोजच्यासारखा तो घेऊन आला नाही, वहिनींनी शेजारच्या पोराच्या हाती पाठवली. तो माझ्याशी नीट बोलायला आठवडा गेला. नोकरी गेली नाही, पण बदलीवरून कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं. शेठनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना परत सोडायचं होतं. जावईबापू जीपभोवती फिरायला लागले. या खेपेला मीही त्यांच्या मागून फिरलो. टायर त्यांनी दाबलं, मग मी दाबलं. चौथ्या चाकाशी ते थांबले.

"मग? कुठल्या गाडीत होतं?"

"ट्रकमध्ये, साहेब."

"लिहिलं?"

"लिहिलं. एक दिवस उशिरा."

पाहुण्यांनी विचारलं असावं, कारण जावईबापूंनी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. पाहुणे जीपमधून खाली उतरले आणि हात पुढे केला. माझ्या हाताला रात्री ट्रकच्या ब्रेकवर काम करतानाचं ब्रेक ऑइल होतं, मी तो शर्टाला पुसायला गेलो. त्यांनी पुसू दिला नाही, तसाच धरला. चांगला घट्ट. मग आपल्या तळव्यावरचा काळा डाग बघितला आणि रुमाल न काढता आत जाऊन बसले.

मी चाकावर बसलो. मनात आलं, आता तरी जावईबापू निवांत बसतील. नंदुरबार येईपर्यंत जेवढ्या बैलगाड्या आल्या, तेवढ्या वेळा त्यांनी तो पत्रा दाबला.