कॅप्टन मेला की नाही

आमच्या थोरल्या मेहुण्यांचं शरीर लालबागमध्ये राहत असलं, तरी ते स्वतः या आकाशगंगेत फारसे सापडत नाहीत. अंतराळातल्या लढायांची एक परदेशी सिनेमांची मालिका त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत सुरू झाली, ती अजून संपायचं नाव घेत नाही, आणि मेहुणेही घेऊ देत नाहीत. आमच्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी माझा पगार विचारला, सासूबाईंनी मला काय काय चालत नाही ते विचारलं, आणि मेहुण्यांनी चष्मा पुसून विचारलं, "कुठल्या भागापासून बघायला सुरुवात केलीत?" मी एकही पाहिलेला नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला, की लग्न तिथेच ठरलं. पुढचे सगळे रविवार त्यांच्या हुकमाने चौथा, पाचवा, मग पहिला अशा क्रमाने गेले. सातव्या आणि आठव्या भागाचा विषय निघाला की ते एवढंच म्हणतात, "ते झालेच नाहीत." स्वतः ते पडद्याकडे बघतच नसत. मोक्याचा प्रसंग आला की "आता बघा हं," म्हणून माझ्या तोंडाकडे टक लावून बसत. त्या धाकाने मी नको तिथेही दचकून घेत असे.

त्यांचे सिद्धान्त तर ऐकावे तेवढे थोडे. मालिकेतला सोज्वळ यंत्रमानव पहिल्या भागापासून धडधडीत खोटं बोलतोय. राणीचं सैन्य हरलं ते शत्रूमुळे नाही, उपासमारीमुळे. इतक्या वर्षांत एका तरी सैनिकाला कुणी जेवताना पाहिलंय का? एकदा माझ्या भावाने शहाणपणा केला, की अंतराळात हवा नाही, मग स्फोटांचा आवाज येतो कसा? मेहुणे शांतपणे म्हणाले, "लालबागमध्ये तरी झोप कुठे येते? राहतोच ना आपण?" भाऊ त्यानंतर विज्ञानावर बोललेला नाही.

त्यांना पुरून उरणारा माणूस एकच, माझगावचा डॉमनिक. कॉलेजपासूनचा मित्र. मालिकेतला कॅप्टन सगळ्यांना सुखरूप उतरवतो आणि जळतं यान घेऊन एकटाच कृष्णविवरात शिरतो. मेहुण्यांच्या मते तो मेला. डॉमनिकच्या मते आत वेळ थांबलेला असतो, त्यामुळे कॅप्टन जिवंत आहे, त्याला फक्त यायला उशीर होतोय. नाताळात हे भांडण माझगावला होतं आणि गणपतीत लालबागला. आरती चालू असतानाही डॉमनिक मेहुण्यांच्या कानाशी कुजबुजतो, "पण बॉडी कुठे दाखवली?" आणि मेहुणे टाळ्यांचा ठेका न चुकवता नकारार्थी मान हलवतात.

गेल्या वर्षी डॉमनिकच्या हृदयाने दगा दिला. बायपास ठरली, आणि ऑपरेशन जोखमीचं आहे, असं डॉक्टरांनी मेहुण्यांना बाजूला घेऊन सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये गेलो. ते खाटेशी बसले, बराच वेळ चादर सारखी करत राहिले आणि म्हणाले, "डॉम्या, मी शेवट परत पाहिला रे. तुझंच बरोबर आहे. कॅप्टन जिवंत असणार."

डॉमनिक ताडकन उठून बसला. "ए, डॉक्टर काय बोलला तुला? खरं सांग!"

"काही नाही बोलला."

"मग तू मानलास कसा काय? लाइफमधी कधी मानलायस? मी चाललो काय?"

नर्स धावत आली. मेहुण्यांची त्रेधा उडाली, आणि शेवटी ते ओरडलेच, "बरं, मेला! मेला तो! यानाच्या चिंधड्या उडाल्या, तो काय छत्री उघडून उतरणार होता?"

डॉमनिक उशीला टेकला. चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "हां, आता कसा बोललास! जरा शुद्धीवर येऊ दे मला, मग बघतो तुझ्याकडे."

बाहेर आल्यावर मेहुणे जिन्यातच थांबले. डोळे पुसले, माझ्यापासून लपवायचंही त्यांना सुचलं नाही. इतक्या वर्षांत त्या मालिकेबद्दल माझं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं," ते म्हणाले, "आत वेळ खरंच थांबत असेल?"

मला त्यातलं काहीही कळत नाही. "थांबतो," मी म्हणालो.

मेहुण्यांनी वाद घातला नाही.