उजवी पाकळी

मानसशास्त्र घेतलं म्हटल्यावर आमच्या गावात, पार्श्यात, ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, "आता आमच्या मनातला ओळखतलंय काय गो?" मी चिडून सांगायची, त्यासाठी ज्योतिषाकडे जा. मनातलं ओळखायला काही आलं नाही. जिथं तिथं संशय घ्यायची खोड मात्र लागली. पहिल्या वर्षी स्मृतीचं प्रकरण शिकले आणि स्वतःच्या लहानपणच्या आठवणीसुद्धा खोट्या वाटायला लागल्या. बालविकास आला तेव्हा वाड्यावरचं एक पोर अजून कसं चालत नाही म्हणून त्याच्या आईचं डोकं खाल्लं. सामाजिक मानसशास्त्रात कळलं की चारचौघांत बसलं की माणूस डोळ्यांनी पाहिलेलंही नाकारतो. मग देवळातल्या बैठकीत मान डोलावणारा एकेक जण मला लबाड दिसू लागला. तिसऱ्या वर्षी मनाचे आजार अभ्यासाला आले आणि पुस्तकातला प्रत्येक आजार वर्गात कुणाला ना कुणाला झाला. बाईंनी बजावलं होतं, घरच्या माणसांना आजारांची नावं चिकटवायची नाहीत.

त्याच वर्षी आईनं उंडे खायचे सोडले.

आमच्याकडे सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून पों-पों करत येतो आणि फाटकाला अडकवलेल्या पिशवीत उंडे, म्हणजे पाव, टाकून जातो. शेजारीण त्या पिशवीत हात घालते, उंड्यांत कायतरी घालते, असं आई म्हणू लागली. काजूच्या एका झाडावरून दोघींचं जुनं वाकडं होतं, म्हणून आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग ती विहिरीचं पाणीही हुंगून घ्यायला लागली. भिंतीपलीकडे आपल्याविषयी बोलतात म्हणायची. मी भिंतीला कान लावून ऐकलं, मला काही ऐकू आलं नाही. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढायला लागल्या, तेव्हा मात्र मी घाबरले.

नाव चिकटवायचं नाही, ठीक आहे. पण डॉक्टरला दाखवायचं की नाही? मला तेवढंच हवं होतं, आणि आईला नेमकं तेच नको होतं. "माका काय झालेला नाय. वेड लागलाहा ता तिका," म्हणून ती शेजारणीच्या घराकडे बोट दाखवायची.

मग डिचोलीहून मामा आला. मामा खाणीवर ट्रक चालवतो आणि सगळ्या जगाचं निदान करतो. म्हणाला, "ही भायली बाधा. देवाक इचारूया." आमच्याकडे लग्न असो, नवी विहीर असो की ऑपरेशन, देवीला प्रसाद लावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. गुरव भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आई कुणाचंच ऐकत नव्हती, पण देवीचं ऐकेल, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

पाकळीचं मला भय नव्हतं, भय होतं प्रश्नाचं. संशोधन पद्धतीच्या तासाला आम्ही हेच घोकलं होतं की जसा प्रश्न तसं उत्तर. मामाचा प्रश्न ठरलेला: कुणी करणी केली आहे काय? उजवी पडली की शेजारणीचं जिणं हराम होणार. डावी पडली की काही झालेलंच नाही म्हणून आई घरीच राहणार. म्हणजे दोन्हीकडून आमचं मरणच.

देवळात मी मामाला आडवी गेले. "असा प्रश्न नको, मामा."

"मगे कसो? आता देवाकय तूच शिकयतलंय?"

गुरव म्हणाला, घरच्यांनी आधी काय ते एक ठरवा. तेव्हा बाबा बोलले. ताटात मीठ कमी पडलं तरी गप्प जेवणारे माझे बाबा. "हिका पणजेक डॉक्टराकडे न्हेतंव. देवीची आज्ञा जावची." घरचा कर्ता बोलल्यावर मामाला तोंड मिटावं लागलं.

उजवी पडली. आणि इतकी चटकन पडली की मी मेली लगेच संशयात. त्या पाकळीला पाणी कमी लावलं होतं काय? आदल्या संध्याकाळी बाबा चप्पल घालून देवळाकडे गेले होते, ते कशाला? पणजीच्या बसमध्ये मी त्यांना विचारलंच. "तू तुझ्या परीक्षेचा बघ," एवढंच म्हणाले. म्हणजे दाल में काला होताच, पण मला तो गोड लागला. आई खिडकीशी मुकाट बसली होती. देवीनं सांगितलं, ती निघाली. आपलं शिक्षण आज घरच्या कामी आलं म्हणून मी मनातून फुलून गेले होते.

डॉक्टरबाई मायाळू होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आईला विचारलं, कुणाची भीती वाटते काय? मी मनातल्या मनात शेजारणीचं नाव घेऊनसुद्धा टाकलं.

आईनं माझ्याकडे बोट केलं.

"हिची. शेजारीण काय, ती भायरसून करता. हिका आतला सगळा कळता. तीन वर्सां ताच शिकता. म्हणान हिच्या समोर मी इचार करूकच सोडलंय."

डॉक्टरबाईंनी मला जरा बाहेर थांबायला सांगितलं, अगदी हळू आवाजात, जसं पेशंटशी बोलतात तसं. आईच्या या समजुतीला पुस्तकात काय म्हणतात ते मला पाठ होतं. पेपरात त्यावर पानभर लिहून आले होते. बाकावर बसून मी रडले, शेजारची माणसं बघत होती तरी रडले.

दार लोटलं गेलं, आणि आत आई बोलायला लागली. किती महिन्यांनी अशी सलग, मोकळी बोलत होती.