थोरला आजोळी जाणार नाही

आरमोरीपासून थोडं आत आमचं गाव. माझं शिलाई मशीन ओसरीत असतं आणि समोर हरिदासभाऊंचं अंगण. मधे कुंपण आहे, पण ते गुरांसाठी. माझ्या नजरेला त्यानं कधी अडवलं नाही. ब्लाऊज शिवता शिवता त्या घरात काय चाललंय ते मला दिसतं आणि दिसलं की मी बोलते. गावात मला तोंडाळ म्हणतात. म्हणू द्या.

हरिदासभाऊंची धानाची दोन एकर शेती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बोलणं कमी, खर्रा जास्त. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटत बसले की तासभर तोंडातून शब्द नाही. मुलगा मिथुन आरमोरीला राइस मिलमध्ये कामाला जातो. सून नूतन गोंडपिपरीकडची, बी.ए. झालेली, हसरी. घरात माणसं तीन आणि त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नाही. भांडण नव्हतं हो, रीत होती. सासऱ्यानं सुनेशी सरळ बोलायचं नाही. घरात पाऊल टाकण्याआधी दारात खाकरायचं, म्हणजे ती डोक्यावर पदर घेईल. विहारात माईक आला, घराघरात मोबाईल आले, पण हरिदासभाऊंची ही रीत काही सुटली नाही. चहा हवा असला की ते गाईकडे बघून म्हणायचे, चहा झाला असता तर बरं झालं असतं. मग नूतन कोंबडीला सांगायची की साखर संपली आहे. अशी मुक्या जनावरांच्या मध्यस्थीनं त्या घराची गाडी सुरळीत चालली होती.

पहिला मुलगा झाला, अश्वजित. नूतनची आई बायनाबाई चार लेकरांची आई, तिनं लेकीला बजावलं होतं की अंगावर पाजते आहेस तोवर दुसऱ्याची काळजी नको. आमच्याकडे सगळ्याच बाया असं सांगतात, मीसुद्धा सांगायची. नूतननं बी.ए.चं शिक्षण बाजूला ठेवून आमच्यावर विश्वास ठेवला आणि अश्वजित नुकता पालथा पडायला लागला होता तेव्हा तिला कळलं की आपल्याला पुन्हा दिवस गेले आहेत. पानठेल्यावरची पोरं मिथुनला विचारायची, काय राजा, यंदा वर्षात दुसरं पीक, उन्हाळी धानही लावला का? तो बिचारा ठेल्याकडे न बघता सायकल दामटायचा.

अश्वजितचा पहिला वाढदिवस यायच्या आतच संघप्रिया जन्मली. आता घरात दोन तान्ही. एकाला निजवावं तर दुसरं उठायचं, एकानं रडायला घेतलं की दुसरं सूर धरायचं. नूतननं थोरल्याचं दूध तोडायला छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला. तो तोंड लावायचा, थुंकायचा आणि आईकडे असं बघायचा की मला मशीन थांबवावं लागायचं. पोरगं आठवडाभरात सुकलं. नूतनची वेणी दुपारपर्यंत होत नव्हती. मी काही म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी तयारच.

बाळंतपणाला आलेल्या बायनाबाईनं परत जाताना निकाल देऊन टाकला. मिरगाच्या आधी येईन आणि थोरल्याला गोंडपिपरीला नेईन. पुढे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, तेव्हा बाईचे हात मोकळे हवेत. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न. पाठोपाठ लेकरू झालं की थोरलं आजोळी जातं, हे काही नवीन नाही. मिथुनला पटलं, नूतननं मान हलवली. हरिदासभाऊंना कोणी विचारलं नाही. लेकरांच्या गोष्टीत पुरुषाला विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओसरीपाशी येऊन उभे राहिले. "दुर्गाबाई, ते पोट्टं गेलं नाई पायजे," म्हणाले.

मी म्हटलं, काऊन, कशासाठी? तोवर ते कुंपणापलीकडे गेले होते. पण त्या दिवसापासून त्यांनी नातवाचा ताबा घेतला.

बाळाला कडेवर कसं घ्यायचं हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. धानाचं पोतं घ्यावं तसं आडवं घेऊन निघाले. मी ओरडले तेव्हा सरळ केलं. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यात त्याला पाठीशी बांधून ते बोडीवर जायला लागले. बोडी म्हणजे आमचं गावतळं. तिथं बगळे असतात, म्हशी असतात. दुधाची आठवण काढून पोरगं रडायला लागलं की आजोबा त्याला म्हैस दाखवत. गुरगुट्या भात आणि वरण डब्यात घालून नेत आणि बगळ्याच्या नावानं एक घास, म्हशीच्या नावानं एक, असं करत डबा रिकामा करत. पानठेल्यावर त्यांचं नाव दाई पडलं. त्यांनी ठेल्याचा रस्ता सोडून दिला.

सगळंच काही सरळ झालं नाही. एकदा खर्रा घोटून झाल्यावर त्याच हातानं त्यांनी भात भरवला. पोरगं भडभडून ओकलं, डोळे पांढरे केले. नूतन घाबरली, संतापली. पण बोलणार कोणाशी? तिनं अंगणातल्या कोंबडीला चांगलं झापलं, की ज्याच्या हाताला तंबाखू त्यानं माझ्या लेकराला शिवायचं नाही. कोंबडी बिचारी पळून गेली. हरिदासभाऊ राखेनं हात घासत मोरीपाशी बराच वेळ बसून होते. त्यानंतर दिवसा मी त्यांच्याजवळ खर्रा पाहिला नाही. रात्रीचं मला माहीत नाही.

उन्हाळा वर चढला तसा अश्वजित भरला. गाल आले, पावलं टाकायला लागला. आजोबांबरोबर बाहेरून आला की दारात थांबायचा, त्यांच्यासारखंच खाकरायचा आणि मगच आत शिरायचा. नूतन पोट धरून हसायची. तिची वेणीही आता वेळेवर होऊ लागली होती. मला वाटलं, निभावलं यांनी.

पण ठरलेलं ते ठरलेलं. मिरगाच्या आधी बायनाबाई एस.टी.तून उतरली. नातवासाठी नवा शर्ट आणला होता. मिथुन म्हणाला, तिकीट काढून देतो, सकाळच्या गाडीनं निघा. नूतन स्वयंपाकघरात बसून थोरल्याचे कपडे पिशवीत भरत होती आणि प्रत्येक कपडा भरायच्या आधी पुन्हा घडी करत होती. मी निरोपाला म्हणून गेले होते, खरं सांगायचं तर बघायला गेले होते.

तेवढ्यात हरिदासभाऊ आत आले. खाकरले नाहीत. सरळ चुलीपर्यंत आले आणि उभे राहिले. नूतनचा पदर घ्यायचा राहूनच गेला.

"नूतन," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "मी तुयाशीच बोलून राह्यलो. याले पाठवू नोको."

मिथुन काही म्हणणार होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"मी बी असाच थोरला होतो. मायामागं लगेच धाकटा सोमाजी झाला. मले मार्कंडा गावाकडे मामाच्या घरी धाडलं, दोन मयन्यासाठी. मामाले पोरगा नोयता, त्यानं ठेवून घेतलं. मी वापस आलो तवा औत हाकत होतो. आईनं मले दारात पान्याचा तांब्या देल्ला, पाव्हण्याले देतात तसा. मी बी पाय धुतले आन् पाव्हण्यावानी बसलो. मंग जलमभर तसाच बसलो. ती गेली तवा सोमाजी धाय मोकलून रडला. मले रडूच आलं नाई."

चुलीवरची डाळ उतू जात होती, ती मीच उतरवली. बायनाबाई वाईट बाई नाही. ती खाली बघत म्हणाली की भाऊ, मी तर लेकीच्याच भल्यासाठी म्हणत होते, रोवणीत हिचं कसं होईल?

हा प्रश्न खराच होता. रोवणी बायांची. एकीनं मागे राहायचं म्हणजे सगळ्या ओळीचा खोळंबा. आज आपण तिच्या शेतात गेलो नाही तर उद्या ती आपल्या शेतात येणार नाही. नूतन गेली नाही तर त्यांचं धान कोण लावणार?

नूतननं डोळे पुसले आणि सासऱ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी रोवणीले जातो. दोघाईले तुमी सांभाळान का?"

"सांभाळतो," हरिदासभाऊ म्हणाले. मग जरा थांबून, "लहानीले पाजायले बांधावर आणून देईन."

बायनाबाई चार दिवस राहिली, नातवाला नवा शर्ट घातला, आणि रिकामी पिशवी घेऊन परत गेली. जाताना व्याह्याला म्हणाली की जमलं नाही तर फोन करा. तिला जमेल असं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

यंदाच्या रोवणीत मी नूतनच्या शेजारच्याच ओळीत होते. कंबर मोडून आम्ही वाकलो होतो, पाऊस बारीक पडत होता, आणि दुपारच्या सुमाराला कोणीतरी म्हणालं, ते बघा. बांधावरून हरिदासभाऊ येत होते. धाकटी छातीशी दुपट्ट्यात बांधलेली, थोरला खांद्यावर, एका हातात छत्री. घसरू नये म्हणून एकेक पाऊल चाचपून टाकत होते. अख्खी ओळ उभी राहिली. अशी वरात या शिवारानं पाहिली नव्हती.

नूतन हात धुऊन बांधावर बसली, लहानीला घेतलं. आईला पाहिल्याबरोबर थोरला आजोबांच्या खांद्यावर वळवळायला लागला. त्यांनी खाली ठेवला तर त्यांच्याकडे वळूनसुद्धा न बघता, पडत झडत, चिखलानं माखून आईजवळ गेला आणि तिच्या दुसऱ्या मांडीवर चढून बसला. हरिदासभाऊंनी परत चल म्हणून हात पुढे केले, तर त्यानं आईच्या ओल्या पदरात तोंड लपवलं.

बाया हसल्या. मी कशाला सोडते? म्हटलं, "भाऊ, एवढं केलं, तरी नातू तं तुमाले इसरला."

हरिदासभाऊ छत्री त्या तिघांवर धरून स्वतः पावसात उभे होते.

"इसरू दे," ते म्हणाले. "आईले नाई ना इसरला."