फरशीला ओरखडा नाही

सात रस्त्याजवळ आमचं फरशीचं दुकान होतं. दुकान अप्पांचं. मी गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचो आणि यल्लप्पा मिस्त्री घरोघरी जाऊन फरशी बसवायचा. लोक मला विचारतात, दगडाच्या दुकानात कसले आलेत किस्से! अहो, दगड घडवला की कपच्या पडायच्याच. त्या कुणी वेचत नाही, एवढंच. मी वेचल्या, कारण दुपारच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकायचं नाही आणि यल्लप्पाला गप्प बसणं जमायचं नाही.

एक आधीच सांगून टाकतो. कापडाच्या दुकानात माणूस स्वतःसाठी जातो. आमच्याकडं यायचा तो शेजाऱ्याला दाखवायला काहीतरी हवं म्हणून. पुढं ते रोज पुसायला घरात बायका असायच्याच.

*

एक वकील होते. पायात पंपशू, हातात छडी. दुकानातल्या प्रत्येक शहाबादीवर छडी वाजवून बघितली, जशी काही साक्षच काढत होते. शेवटी यल्लप्पाला आणि मला घरी माप घ्यायला घेऊन गेले.

"दिवाणखान्यात उत्तम पॉलिशची टाका. पक्षकार येतात," म्हणाले.

"आणि स्वयंपाकघरात?" मी विचारलं.

"तिथं आहे ती जमीन राहू द्या. तिथं कोण येतंय बघायला?"

यल्लप्पा टेपचं टोक धरून उभा होता. त्याला राहवेना. "साहेब, तितं वैनीसाहेब दिवसभर बसत्यात की."

"ती कुठं खाली बघते? तिला वेळ कुठाय?"

हे वकिलांनी रागानं म्हटलं नाही, बायकोचं कौतुक केल्यासारखं म्हटलं. आम्ही दिवाणखान्याचं तेवढं माप घेऊन परत आलो.

*

शुक्रवार पेठेतल्या एका मास्तरांनी मात्र घरभर शहाबादी टाकली, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा. आम्हाला माणूस बरा वाटला. थोड्याच दिवसांत तेच मास्तर दुकानात आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जरा माणसं पाठवा. फरशी खरवडायची आहे."

गेलो. बघतो तर सगळ्या फरशीवर शेणाचं सारवण! तेही कसं, एकसारखं, बोटांच्या वेलबुट्टीसकट. मास्तरांची आई कोपऱ्यात बसली होती.

"दगड नुसता धुतला म्हणून शुद्ध होतो होय रे?" तिनं मलाच विचारलं.

"आई, लोक हसतात," मास्तर म्हणाले.

"हसू देत. आळीतल्या बायका माझं सारवण बघायला यायच्या. सुना आणून दाखवायच्या, असं सारवावं म्हणून. आता या दगडात माझं काय बघणार कुणी?"

आम्ही बादल्या ओतल्या, ब्रशनं सांधे मोकळे केले. म्हातारी आपली वेलबुट्टी मोरीत वाहून जाताना बघत होती. मला फार वाईट वाटलं. मास्तरांना मात्र सांधे स्वच्छ निघाल्याचं समाधान होतं.

*

नरसय्या रंगारी होता, घरातच सूत रंगवायचा. तो दुकानात आला आणि म्हणाला, "मला डाग पडलेलीच फरशी दाखवा."

मी म्हटलं, "चेष्टा करता काय?"

"चेष्टा कसली? नवीन टाकली तर रोज जिवाला घोर. रंगाचा थेंब इथं पडला, तिथं पडला. आधीच डाग असला की सुटलो."

एवढं शहाणं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही. आमच्या परसात तांबूस डागांची एक खेप पडून होती. वॅगनमध्ये लोखंडाशेजारी भिजली होती बिचारी, आणि अप्पांनी तिची आशा सोडली होती. अप्पा उठून स्वतः आले. "ही खास आहे," म्हणाले. "यातला डाग जन्मात जायचा नाही. म्हणून किंमत जरा जास्त." नरसय्या खूश होऊन घेऊन गेला.

पुढं एकदा यल्लप्पा नरसय्याच्या घरावरून आला. मी विचारलं, "कशी आहे फरशी?"

"फरशी झकास हाय. बायको गुडघं टेकून घासतीया. पाव्हणं येत्यात नि म्हणत्यात, बाई आळशी दिसतीया, डाग तसंच ठेवल्यात."

म्हणजे घोर गेला नव्हता, फक्त नवऱ्याकडून बायकोकडं गेला होता.

*

कचेरीतल्या एका हेडक्लार्कनं काळा कडप्पा बसवून घेतला. साहेब चहाला येणार होते. कुणीतरी अक्कल दिली, खोबरेल चोळा, काच झाल्यासारखा चमकतो. यल्लप्पानं बजावलं होतं, "चोळा, पर नंतर कोरड्या फडक्यानं पुसून काढा, न्हाईतर पाय टिकायचा न्हाय." पुसलं तर चमक कमी होईल म्हणून त्यांनी पुसलं नाही.

साहेब आलेच नाहीत. हेडक्लार्कची आई देवाला फुलं घेऊन चालली होती, ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

अप्पांनी मला चौकशीला पाठवलं. बाहेरच्या खोलीत हेडक्लार्क खुर्चीवर बसले होते, आतून म्हातारीचं कण्हणं ऐकू येत होतं.

"कशा आहेत आई?" मी विचारलं.

"आई आता उठत नाही म्हणतात डॉक्टर," ते म्हणाले. मग पायानं फरशी दाखवत म्हणाले, "पण माल नंबर एक दिलात हं तुम्ही. एवढी धाडकन पडली, फरशीला ओरखडा नाही."

मी चहा न घेता निघालो. अप्पांना हे सांगितलं तर त्यांनी पान तोंडात तसंच धरून ठेवलं, चावलं नाही.

*

आणि हा आता मल्हारबाचा.

मल्हारबा कुंभारीचा शेतकरी. त्याची लेक गोदा भवानी पेठेत एका आडत्याच्या घरी दिलेली. घर त्यांच्याच जातीतलं, पण बाजारात पैसा झाला आणि देवघरापुढं मकराण्याचा पांढरा संगमरवर आला. तो यल्लप्पानंच बसवला होता. आडत्याची बायको, म्हणजे गोदाची सासू, त्या दगडावर नवऱ्यालासुद्धा ओल्या पायानं जाऊ द्यायची नाही.

दिवाळीच्या तोंडावर गोदानं देवाची तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासली. लखलखली. मूठभर चिंच उरली. देवाची भांडी चिंचेनं उजळतात, मग देवापुढची जमीन का नाही, असं तिला वाटलं. पदर खोचून, चिंच आणि राख लावून तिनं तो दगड घासला. आंबट लागलं की संगमरवराची चमक मरते, हे त्या घरात तिला कुणी सांगितलं नव्हतं. दगड वाळला तेव्हा मधोमध परातीएवढा चट्टा उठला होता, खडूसारखा.

सासूनं त्याच दिवशी तिला माहेरी धाडलं. "दगड होता तसा होऊ दे, मग बघू," म्हणाली.

म्हणजे त्या पोरीचं नांदणं आता एका दगडाच्या चमकेवर आलं. मल्हारबा दुकानात आला आणि पायरीवरच बसला.

"मिस्त्री, निघंल न्हवं चट्टा?"

"निघंल की. पर लई घासावं लागंल."

"मी घासतो. तुमी निस्तं दावा."

तो रोज सकाळी कुंभारीहून चालत यायचा. यल्लप्पा आधी खरखरीत दगड हातात द्यायचा, मग मऊ. मल्हारबा पाणी शिंपडत, गुडघ्यावर बसून घासायचा. जावई त्याच्या अंगावरून बाजारात जायचा, बोलायचा नाही. दुपारी तहान लागली की मल्हारबा उठून थेट आमच्या दुकानात यायचा. त्या घरचा भरलेला हंडा हाताशी असायचा. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरच्या पाण्याला शिवायचं नाही, ही रीत तो मोडत नव्हता.

"एवढ्या उन्हाचं तांब्याभर पाणी प्यालात तर काय बिघडणार आहे?" अप्पा एकदा म्हणाले.

"लेकीचं घर हाय, अप्पा. तिला पोर होऊ द्या. मग पानावर बसून जेवतो की."

आम्ही सगळेच त्या चट्ट्यात गुंतलो. यल्लप्पा दुसरी कामं सोडून तिथं बसायचा. कधी कुणाला फुकट काही न देणाऱ्या अप्पांनी शेवटच्या पॉलिशचं सामान न विचारता काढून दिलं. संध्याकाळी यल्लप्पा परतला की मी पहिलं हेच विचारायचो, चट्टा किती राहिला.

शेवटच्या दिवशी मीही गेलो. दगडात समईची ज्योत दिसत होती. मल्हारबा उकिडवा बसून तळहातानं दगड चाचपत होता आणि स्वतःशीच हसत होता. अंगणात मांडवाचे वासे पडले होते. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं, त्याचेच असतील म्हणून आम्ही काही विचारलं नाही.

सासू आली. वाकून तिरपं बघितलं. "झाला बाई होता तसा."

मल्हारबा उठला. गुडघे धरून उठला. "मग विहीणबाई, गोदीला कवा आणून सोडू? उद्या दिस चांगला हाय."

"उद्या कुठलं? उद्या बार्शीची मंडळी येणार मुलीला घेऊन. परवा हळद. म्हणून तर दगडाची एवढी घाई केली."

यल्लप्पाच्या हातातलं ओलं गोणपाट तसंच राहिलं. मल्हारबाला कळायला वेळ लागला. तो आधी सासूकडं बघत राहिला, मग जावयाच्या खोलीच्या लावलेल्या दाराकडं.

सासू आत गेली. तांब्याभर पाणी घेऊन आली आणि त्याच्यापुढं धरलं.

"घ्या, पाव्हणं. इतके दिवस तहानेनं राहिलात. आता हितलं पाणी प्यायला तुम्हाला काही अडचण न्हाई."