बाजीची टिकल्यांची शिकवणी

मी आयुष्यात बंदूक चालवली ती फक्त एका कुत्र्यासाठी, आणि तीही टिकल्यांची.

कुत्र्याचं नाव बाजी. जात चिप्पीपारै, म्हणजे सशामागे सुसाट सुटणारी इकडची, तमिळ मुलखातली शिकारी जात. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुत्तूने पिल्लू दिलं, तेव्हा ते डब्याच्या पिशवीतून घरी आलं. दिवाळीच्या महिनाभर आधीच त्याचे पाय इतके लांब झाले, की अंबत्तूरच्या आमच्या दोन खोल्यांत त्याला वळायचं असेल तर आधी आम्हाला बाहेर जावं लागे. एवढा उंच गडी, पण शेजारी कुकरची शिट्टी झाली की माझ्या बायकोच्या, मानसीच्या, ओढणीत तोंड खुपसायचा.

"दिवाळीत कसं होणार याचं?" मानसी म्हणाली.

मुत्तूने तर धडकीच भरवली. त्याचा आधीचा कुत्रा दिवाळीच्या पहिल्या बाराला जो पळाला, तो परत आलाच नाही. ही जात पळत सुटली की मोटरसायकलवालाही मागे पडतो, हे त्याने वर अभिमानाने सांगितलं.

मग मी मोबाइलवर अभ्यास केला. शिकारी कुत्र्याला बंदुकीची सवय लावताना आधी लांबून बार काढतात, लगेच त्याला आवडीचं खायला देतात आणि रोज थोडं जवळ येतात. खरी बंदूक परवडणारी नव्हती (आणि मानसीने माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं), म्हणून टी. नगरच्या बाजारातून टिकल्यांची आणली. मी गच्चीवर, मानसी खाली अंगणात. मी 'फट्' केलं की ती कलेजीचा तुकडा द्यायची. रस्त्याने जाणारे लोक वर बघून भराभर चालू लागत.

बाजी शिकला! गच्चीवरून मी जिन्यात आलो, जिन्यातून अंगणात, शेवटी पार त्याच्या कानाशी. 'फट्' झालं की स्वारी ऐटीत बसून पंजा पुढे करायची. कारखान्यात मी कुत्र्यांच्या मानसशास्त्रावर बोलू लागलो. मुत्तू जेवायला दुसरीकडे बसू लागला.

नरक चतुर्दशीच्या पहाटे मानसी मला पाटावर बसवून तेल-उटणं लावत होती. गल्लीच्या टोकाला पहिला बार उडाला.

"बाजी?" मानसीने हाक मारली. अंगण रिकामं. दूधवाल्याने फाटक उघडं टाकलं होतं.

मी तसाच धावत सुटलो.

"अरे, शर्ट तरी घाल!"

अख्खी गल्ली कोऱ्या रेशमी कपड्यांत, आणि मी पंच्यात, नखशिखान्त उटण्याने माखलेला. "एन्न आच्चु, सार?" काय झालं म्हणून जो तो विचारत होता, आणि मला तमिळमधलंच काय, मराठीतलंही काही आठवेना. मागून मानसी उटण्याची वाटी घेऊन धावत होती. (वाटी कशाला आणलीस, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.) चारी बाजूंनी फटाके, आणि माझ्या डोळ्यांपुढे हायवेवर धावणारा बाजी. मला रडूच फुटलं.

तो सापडला कोपऱ्यावरच्या पार्वती अम्मांच्या अंगणात. बाँब फुटला की बाजी ऐटीत बसून पंजा पुढे करत होता आणि अम्मा त्याच्या तोंडात अधिरसम, म्हणजे त्यांच्याकडचा अनारसा, घालत होत्या. त्यांची नातवंडं बाजीसाठी बाँबमागून बाँब लावत होती. बार उडाला की जेवण वाढतात, एवढंच तो आमच्याकडून शिकला होता. साहेब भिऊन पळाले नव्हते, पंगतीला आले होते.

मी पायरीवरच बसलो आणि त्याला गच्च मिठी मारली. इतकं हलकं मला पगाराच्या दिवशीही वाटत नाही.

तेवढ्यात माझ्या पाठीशीच लांबलचक माळ कडाडली. मी बाजीला सोडून थेट अम्मांच्या पदरामागे. बाजी जागचा हललाही नाही.

अम्मांनी मला न्याहाळलं, बाजीला न्याहाळलं, आणि मानसीला हिंदीत विचारलं, "इसको नहीं सिखाया?"

"वेळच मिळाला नाही," मानसी म्हणाली.

अम्मांनी नातवाला खूण केली. बाँब फुटला आणि अधिरसमचा तुकडा माझ्या तोंडात आला. "साप्पिडु, तंबी," अम्मा मायेने म्हणाल्या, खा बाळा. मग आणखी एक बाँब, आणखी एक तुकडा. मी खरंच सांगतो, शिकारी कुत्र्यांची ही पद्धत उत्तम आहे. शेवटी शेवटी तर वात पेटलेली दिसली, की मी आपणहून आ करत होतो.