गोछांगमधला तापलेला दगड

कोरियातल्या गोछांग तालुक्यात टेकडीच्या उतारावर प्राचीन थडग्यांचे अजस्र दगड विखुरले आहेत. तिथली भाषा येणारी माझी मुलगी सोबत होती. एका दगडापाशी एक म्हातारी उभी होती.

"हा आमच्या परसातला," ती म्हणाली. "सासूबाई यावर मिरच्या वाळवायच्या, नंतर मी."

हा उतार वारसास्थळ झाल्यावर तिची वस्ती भातशेतांपलीकडे हलवली होती. वाईट वाटतं का, असं मी मुलीकरवी विचारलं.

"नवं घर चांगलं आहे. मिरच्या मात्र तिथे लवकर वाळत नाहीत."

आता भोवती बांधलेल्या दोरीवरून वाकून तिने दगडाला तळवा लावला. "तापलाय," म्हणाली आणि चालू लागली. दगडाखाली कोण पुरलंय, हे कुणालाच ठाऊक नाही. त्या मेलेल्याची जागा तशीच राहिली होती. हिला मात्र घरी जायला बस पकडायची होती.